भिरंडाच्या सालीतलं तांबडं

भिरंडाचं झाड आधी पानांनी तांबडं होतं आणि मग फळांनी. मे महिन्यात झाडाखाली पडलेला फळांचा सडा कुणालाही दिसतो. त्याच्या कितीतरी आधी फांद्यांच्या टोकांना जी कोवळी पालवी फुटते, तिच्याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. ती तांबूस असते, तकतकीत आणि इतकी नाजूक की उन्हाकडे धरली तर शिरान्‌शिर मोजून घ्यावी. खाली झुकलेल्या फांद्या, शेंड्याकडे निमुळतं होत गेलेलं गर्द हिरवं झाड आणि त्या हिरव्याच्या कडेकडेने उमटलेलं हे तांबूसपण. बाजारकुणंगच्या रानात उंच झाडांच्या छतातून उन्हाचा एखादा कवडसा नेमका त्या पालवीवर उतरतो, तेव्हा पाय आपोआप थांबतात.

बाजारकुणंग हे जोयडा तालुक्यातलं गाव. उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा डोंगराळ भाग, गोव्याच्या हद्दीला लागून असलेला. घरं एकमेकांपासून लांब लांब, मध्ये भाताची खाचरं, पोफळीची बाग, एखादा ओहोळ आणि बाकी सगळं रान. याच मुलखातल्या डिग्गीच्या डोंगरांत काळी नदी जन्मते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारपाशी समुद्राला मिळते. इथल्या व्याघ्र प्रकल्पालाही आता तिचंच नाव आहे. २०१५ पर्यंत त्याला दांडेली-अणशी म्हणत. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा इथल्या वाटांवर ऐकू येतात. त्यामुळे एकाच झाडाला कुणी भिरंड म्हणतं, कुणी कोकम, कुणी मुरुगलु. कोकणात खाली उतरलं की फळाचा रातांबा होतो. झाड सगळ्या हाकांना ओ देतं.

कोवळ्या पानाला हे तांबडं कशाला हवं? पानाची हिरवी यंत्रणा अजून पुरती बसलेली नसते, ऊन मात्र त्याच्यावर भरपूर पडतं. जो प्रकाश वापरला जात नाही तो पेशींच्या आत उधाण आणतो. त्यातून प्राणवायूची उतावळी, अर्धवट रूपं तयार होतात आणि समोर येईल त्याच्यातला इलेक्ट्रॉन ओढून घेतात. तेलाचं भांडं उघडं राहिलं की तेल खवट होतं, विळीला गंज चढतो, ती याच प्राणवायूची करणी. पानातल्या पेशींचे पडदे तर स्निग्ध पदार्थांचेच. ते खवट होऊन कसं चालेल? म्हणून झाड कोवळ्या पानात अँथोसायनिन नावाचं तांबडं द्रव्य भरतं. ते थोडा प्रकाश आपल्या अंगावर घेतं आणि त्या उतावळ्या कणांना आपल्यातला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतं, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पान जून झालं, हिरवं झालं, उन्हाला तोंड द्यायला समर्थ झालं की तांबडं ओसरतं. अँटिऑक्सिडंट हा शब्द औषधाच्या बाटल्यांवर छापून आला तो अगदी काल-परवा. ज्या कामासाठी तो शब्द घडवावा लागला, ते काम माणूस जन्माला येण्याच्या फार आधीपासून रानात बिनबोभाट चालू आहे.

आणि मग फळ. थंडीच्या महिन्यांत बारीक फुलं येतात, एप्रिल-मेमध्ये फळं पिकतात. पहिल्यांदा हिरवी, मग गुलाबी झाक, मग तांबडी आणि शेवटी इतकी गडद की जांभळी वाटावीत. या रंगातली दोन मुख्य द्रव्यं अँथोसायनिनच्याच घराण्यातली आहेत: सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-सांबुबायोसाइड. सुकलेल्या सालीच्या वजनात त्यांचा वाटा दोन-तीन टक्क्यांचा. फळांच्या जगात हा वाटा मोठा आहे. पण त्या रंगाचा स्वभाव हळवा. आंबट द्रावणात तो लालभडक राहतो; आंबटपणा कमी झाला की निळा-जांभळा पडतो, विटतो. सालीच्या पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून बघावं, डोळ्यांदेखत रंग पालटतो. भिरंडाच्या सालीत हा रंग टिकून राहतो, कारण तिथे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल गच्च भरलेलं असतं, सुकलेल्या सालीच्या वजनात २० ते ३० टक्क्यांपर्यंत. आम्लाने रंगाला सांभाळायचं, रंगाने पाखरांना आणि माकडांना बोलवायचं, त्यांनी आतला गोडसर पांढरा गर खाऊन बिया लांब नेऊन टाकायच्या. या झाडापुढे हात जोडावेसे वाटतात ते इथे. त्याच्या सालीत एकही गोष्ट एकटी नाही.

तांबड्याच्या आड एक पिवळंही आहे. कच्चं फळ कापलं की पिवळसर चीक बोटांना चिकटतो. सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या कृष्णमूर्ती, लुईस आणि रवींद्रनाथ यांनी १९८१ मध्ये त्याच्या रेणूची रचना मांडली. पुढे २००० साली जपानमधल्या यामागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या उतावळ्या, मुक्त कणांना शांत करण्याची त्याची ताकद मोठी आहे, आणि उंदरांच्या जठरातले व्रणही त्याने कमी होतात. हे गार्सिनॉल पाण्यात फारसं उतरत नाही, स्निग्धात उतरतं. हे वाचलं तेव्हा मला सोलकढी आठवली. सोलं, म्हणजे भिरंडाच्या वाळवलेल्या साली, भिजवलेल्या पाण्यात नारळाचं दूध घालावं हे कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल? त्या बाईला रेणू ठाऊक नव्हता. आंबट पोटाला लागू नये, जिभेला गोड लागावं, एवढीच तिची दृष्टी असेल. पण तिच्या हाताने पाणी आणि स्निग्ध एका वाटीत आले, आणि सालीतल्या दोन्ही रंगांना आपापली वाट मिळाली.

सोलं कशी होतात ते एकदा अंगणात बसून पाहावं. बाजारकुणंगकडच्या एका घरी मेच्या टळटळीत दुपारी हे काम चाललं होतं. अंगण शेणाने सारवलेलं, कडेला बांबूच्या टोपलीत धुतलेली फळं, त्यांच्यावर पाण्याचे थेंब. घरातल्या मावशी एकेक फळ घेऊन आडवं कापत होत्या. साल जाड, आतून मांसल. मधे पांढरट गरात लपेटलेल्या बिया. अंगठ्याच्या एका वळशात बिया आणि गर मडक्यात, सालीची अर्धी वाटी सुपात. मडक्यात मीठ पडलं की गराला पाणी सुटतं, आणि सालीच्या कडांचा रंग उतरून तो रस गुलाबी, मग गडद होत जातो. साली उन्हात पसरायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आक्रसल्या की परत त्याच रसात बुडवायच्या, परत उन्हात. पुटावर पुट. प्रत्येक पुटाला साल अधिक काळी, अधिक मऊ, अधिक चिवट होते. उन्हाने आणि उष्णतेने अँथोसायनिन झिजतं हे खरं. पण इथे दर दिवशी ऊन थोडं नेतं आणि रस थोडं परत आणून देतो, असं ते काम पाहताना वाटत राहिलं. "किती पुटं द्यायची?" असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "ते ऊन सांगतं." त्यांच्या बोटांची पेरं आणि नखांच्या कडा तांबड्या झाल्या होत्या, आणि तो रंग धुऊन जाणारा नव्हता. झाडाच्या वरच्या फांद्यांवर फळं तशीच लोंबत होती. शिडी तर होती. "वरची आम्ही काढत नाही. ती रानातल्यांची," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं फळ घेतलं.

भिरंड एकटं नाही. त्याची भावंडं याच घाटात आहेत. गार्सिनिया या कुळातलं उप्पागे इथलंच. त्याचं फळ भोपळ्याच्या फाकींसारखं खोबणी पडलेलं असतं, पिकल्यावर पिवळं. दुसरं अरिशिणगुर्गी, म्हणजे गार्सिनिया मोरेला. याचा चीक गर्द पिवळा, चित्रकारांच्या गॅम्बोज रंगाचा. तिसऱ्याच्या नावात टॅलबॉट यांची आठवण आहे. उत्तर कन्नड जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा हे वनाधिकारी इथल्या जंगलात हिंडले, आणि १९०९ ते १९११ या काळात त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. शिरसीकडे खुद्द भिरंडाचंच एक पिवळं रूप सापडतं, त्याला बिळी मुरुगलु म्हणतात. त्याच्या सालीत तांबडं नाही, आणि पोटाच्या तक्रारींवर तिकडची माणसं तेच पसंत करतात. गोव्यात तर १५६३ साली छापल्या गेलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही भिरंडाला जागा मिळाली आहे.

एकाच कुळातल्या झाडांनी आपापली वेगळी पुंजी बाळगावी, हे दुसरीकडेही दिसतं. रानगुलाबाचं फळ घ्या. आपल्या सह्याद्रीत दक्षिणेकडे निलगिरी-पळणीच्या उंचीवर पांढऱ्या फुलांचा एक रानगुलाब आहे, लडाखमध्ये गुलाबी फुलांचा दुसरा. युरोपात तर कुंपणाकुंपणाला त्यांच्या कितीतरी जाती. फूल गळल्यावर मागे जे लहान तांबडं फळ उरतं, त्यात क जीवनसत्त्व आणि रंगद्रव्यं ठासून भरलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची जहाजं ब्रिटनला पोचेनाशी झाली, तेव्हा १९४१ पासून तिथल्या शाळकरी मुलांनी आणि बायकांनी कुंपणांवरून ही फळं वेचली आणि त्यांचा पाक लहान मुलांना दिला गेला. मॅग्नस पाइक आणि रोनाल्ड मेलव्हिल यांनी १९४२ मध्ये या फळांतलं क जीवनसत्त्व मोजलं, आणि जातीजातीत मोठा फरक आढळला. दिसायला सगळी तांबडीच. प्रत्येक जातीने आपल्या थंडीशी, उन्हाशी, पाखरांशी जुळवून जे घडवलं ते वेगळं. बाजारकुणंगला रानगुलाब नाही. इथे ते काम भिरंड, आवळा, करवंद, जांभूळ करतात, या पावसाला आणि या उन्हाला साजेल असं.

भिरंड आणि उप्पागे यांच्यात तर फरकाची किंमत रानाने मोजली आहे. भिरंड पिकतं ते पावसाच्या आधी, मेच्या उन्हात. म्हणून त्याच्या साली ऊन वाळवतं, आणि उन्हाला काही द्यावं लागत नाही. उप्पागे पिकतं ते भर पावसात. त्या दिवसांत इथे सूर्यच दिसत नाही, त्यामुळे त्याच्या साली भट्टीवर वाळवाव्या लागतात, आणि भट्टीला लाकूड लागतं. घरापुरती आमटी आंबट करायची तेव्हा चुलीवरच्या माळ्यावर चार साली टाकल्या की भागत असे. मग १९९०च्या दशकात बाहेरून मागणी आली. म्हैसूरच्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये उप्पागेच्या सालीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचं दाखवलं होतं. त्या आम्लाने चरबी बनायची थांबते, माणूस बारीक होतो, अशी हवा अमेरिकेत पसरली आणि उत्तर कन्नडातल्या उप्पागेचे भाव चढले. रानातलं झाड एकाच्या मालकीचं नव्हतं. म्हणून फळ पिकायची वाट कोण बघणार? जो आधी पोचेल त्याचं. कच्ची फळं झोडपली गेली, फांद्याच्या फांद्या खाली आल्या, आणि भट्ट्यांसाठी दुसरी झाडं पडली. या साऱ्याचा अभ्यास नितीन राय आणि ख्रिस्तोफर उल यांनी केला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

आणि बारीक होण्याच्या ज्या गोळीसाठी हे सगळं झालं तिचं काय? १९९८ मध्ये 'जामा' या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एका चाचणीचा निकाल आला. १३५ स्थूल माणसं, १२ आठवडे. निम्म्यांना गार्सिनियाचा अर्क, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. वजन उतरण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून मला अमेरिकेतल्या त्या माणसांचा राग आला नाही. आपल्या देहाचं ओझं कमी व्हावं अशी आशा कुणाला नसते? दुःख झालं ते फळाचं. आम्लाला सालीतून काढलं, त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडलं, पावसाळी रानातल्या त्याच्या जागेवरून उचललं, आणि एकट्याने चमत्कार करावा अशी अपेक्षा केली.

अँटिऑक्सिडंटांचंही तसंच आहे, म्हणून हे लिहितो आहे. परीक्षानळीत भिरंडाची साल फार मोठं काम करते. आपण प्यायलेल्या सरबतातलं अँथोसायनिन रक्तात पोचतं ते मात्र फार थोडं; बरंचसं आतड्यातच राहतं, तिथल्या जिवाणूंच्या कामी येतं, तुकडे होऊन पुढे जातं. त्यामुळे कोकम प्यायलं की रोग पळतो असं मी कुणाला सांगणार नाही. मी एवढं सांगेन की मेच्या उन्हात राबून आलेल्या माणसाला मीठ घातलेलं कोकमाचं तिवळ द्यावं, ते त्याच्या घामाची भरपाई करतं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायची रीत आपल्याकडे घरोघर आहे. माशाच्या आमटीत दोन सोलं पडली की मासा निवळ लागतो. या सगळ्या रीती संपूर्ण फळाच्या आहेत, ऋतूच्या आहेत, आणि त्यात झाडावर वरच्या फांदीला राहिलेल्या फळांचाही हिस्सा आहे. मोजमापाला माझा विरोध नाही. मोजल्यामुळेच तर कळलं की या काळपट, सुरकुतलेल्या सालीत केवढी कारागिरी आहे. कळल्यानंतर हात अधिक हळू व्हावा, एवढंच मनापासून वाटतं.

मडक्यातल्या बियांचं काम पावसाच्या तोंडावर निघतं. रस गाळून आगळ बाटल्यांत भरलं जातं, आणि बिया धुऊन, खडखडीत वाळवून ठेवतात. मग टरफल फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर तवंग येतो, निवला की पांढरट घट्ट होतो, आणि मुठीने दाबून त्याचे गोळे करतात. हे भिरंडेल. त्यात अर्ध्याहून अधिक स्टिअरिक आम्ल, त्यामुळे ते वितळतं ४० अंशांच्या आसपास; भर उन्हाळ्यातही फडताळात गोळा गोळाच राहतो आणि विस्तवाजवळ धरला की पाझरतो. चिखलात लावणी करून पायांना भेगा पडल्या की रात्री ते कोमट करून टाचांना चोळायचं. शहरांतल्या मलमांत आणि ओठांच्या कांड्यांत हेच आता कोकम बटर म्हणून असतं. इथे ते अजूनही नारळाच्या करवंटीत ठेवलेलं दिसतं, वर बोटांचे ठसे उमटलेलं.

काही बिया मात्र वाळू द्यायच्या नसतात. भिरंडाचं बी सुकलं की मेलं. ते ओलं असतानाच मातीत जावं लागतं. मृगाच्या सरी पडायच्या आत मावशी मूठभर ताज्या बिया परसाच्या कुंपणालगत लावतात. रोप उगवतं, पण ते नर निघेल की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही, आणि फुलायला सहा-सात वर्षं जातात. बियांपासून उगवलेल्यांत निम्म्याच्या आसपास नर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर कलमांचा उपाय काढला, १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जातही दिली. बाग लावणाऱ्याचा त्यामुळे मोठा वेळ वाचला. परसाच्या कडेला मावशींकडे असंच एक जुनं नर झाड आहे, आजेसासूच्या वेळचं. त्याला आजवर एक फळ लागलेलं नाही. चुलीला लाकूड कमी पडलं तरी त्याच्यावर कोयता चालत नाही. थंडीत ते बारीक फुलांनी भरतं, आणि त्याचा पराग नसेल तर मेमध्ये अंगणातल्या मादी झाडाचा बहर पातळ पडेल, हे त्यांना सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने.